गेम्बुस दोनदा मेला

लास्मिनीला रडता फार चांगलं येत होतं, आणि हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तिचा नवरा खरोखर मेला त्या सकाळी सगळी पंचाईत झाली ती यामुळेच.

रडणं ती लुद्रुकच्या, म्हणजे आमच्या जावातल्या लोकनाट्याच्या, पडद्यामागे शिकली होती. लुद्रुकच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करतात. त्यांच्या मंडळीत साम्पान नावाचा एक धिप्पाड गडी विधवेचं काम असं करायचा, की पुढे चटईवर बसलेल्या बायकांच्या घशाखाली शेंगदाणे उतरायचे नाहीत. लास्मिनी तेव्हा नवी नवरी होती आणि मंडळीचे कपडे शिवायची. तिनं एकदा त्याला युक्ती विचारली. साम्पान म्हणाला, आधी रडायचं नाही पोरी, आधी श्वास अडकवायचा. मग पोटातून एकच लांब सूर सोडायचा. शब्द सगळ्यात शेवटी, आणि तेही तुटके. तिनं तिथल्या तिथं करून दाखवलं, तर वाजवणाऱ्यांनी हात थांबवून दाद दिली. साम्पान गेला, मंडळी मोडली, पण ती दाद काही ती विसरली नाही. पुढे तीच तिला नडली.

नवरा मंडळीतला विदूषक. खरं नाव सुकादी, पण ते फक्त सरकारी कागदावर. जोंबांगच्या आसपासच्या गावांत तो चाक गेम्बुस, म्हणजे गेम्बुसदादा, आणि लास्मिनी बू लास, म्हणजे लासबाई. गेम्बुस म्हणजे तोफूच्या चोथ्याची वडी, फुगीर, बेचव, गरिबाच्या ताटातली. तोंडाचा आकारही तसाच होता, त्यामुळे नाव शोधायला कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. त्याचा जोडीदार वाकिदी, काटकुळा आणि सदा गंभीर. खेळाची सुरुवात ठरलेली होती. गेम्बुस रिकाम्या मंचावर यायचा, घाबरल्यासारखा इकडेतिकडे बघायचा आणि ओरडायचा, "वाकिदी!" मग प्रेक्षकांच्या मागून कुठून तरी "ओ!" यायची. कधी आंब्याच्या झाडावरून, कधी भजीवालीच्या टोपलीमागून, एकदा तर गावच्या मुखियाच्या मोरीतून. लोक आधीपासून माना वळवून बसायचे, की आज हा कुठून ओ देतोय. वीस वर्षं दोघांचं पोट या एका हाकेवर चाललं.

मग गावोगाव ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर आले आणि लग्नाला लुद्रुक बोलावणं मागासलेपणाचं ठरलं. शेवटच्या खेळाला माणसं थोडी होती. गेम्बुसनं हाक मारली. ओ आली नाही. त्यानं पुन्हा मारली. लोक हसले. तो पुन्हा पुन्हा हाका मारत राहिला, आवाज चिरकायला लागला, आणि लोकांना वाटलं हा नवा विनोद आहे, ते लोळायला लागले. वाकिदी शेजारच्या गावात स्पीकर चढवायच्या कामाला गेला, असं मागून कळलं. लास्मिनीनं पडद्यामागून नवऱ्याची पाठ पाहिली. सदरा घामानं चिकटलेला होता.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. गाव एक, मशीद एक, पण दोघं एकमेकांकडे पाठ करून चपला घालायचे. वाकिदी कबरस्तानाशेजारी राहायला गेला आणि पुढे कबरी खणायचं काम त्याच्याकडेच आलं. गेम्बुस तोफूच्या कारखान्यात चोथा उपसायला लागला. नाव सार्थ झालं, असं तो स्वतःच म्हणायचा, पण ऐकायला एक लास्मिनी आणि ती तरी किती हसणार.

त्याला पुन्हा उजेडात आणलं ते जावयानं. फेब्री हा पोरगा तसा वाईट नव्हता. मोबाईलच्या काचेवर पापुद्रे चिकटवायचं त्याचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकांपेक्षा त्यात डासच जास्त असायचे. एकदा सासरा चोथ्याच्या टाकीत घसरून पडला, आणि फेब्रीनं ते टिपून इंटरनेटवर टाकलं. लोकांना आवडलं. मग सासरा रोज पडायला लागला. बदकांच्या डबक्यात, शेळीच्या पाठीवरून, भाताच्या चिखलात. साठीचा माणूस, बरगड्या काळ्यानिळ्या, आणि रात्री लास्मिनी हळद-तांदळाचा लेप लावायची तेव्हा हा फोन पुढे करून म्हणायचा, "वाच ना, काय लिहिलंय लोकांनी." त्याला चष्म्याशिवाय दिसायचं नाही. ती वाचायची आणि तो डोळे मिटून ऐकायचा. मंच सुटल्यापासून आठ वर्षं उपाशी असलेल्या माणसाला भात वाढावा, तसं होतं ते.

पण पडून पडून माणूस किती पडणार. बघणाऱ्यांना रोज नवं लागतं. फेब्रीनं युक्ती काढली, की बाबांनी मरायचं. गाव जमेल, रडेल, लपवलेला फोन सगळं टिपेल, आणि बाबा उठून बसतील.

गेम्बुस आधी नाही म्हणाला. आमच्याकडे लग्नाला आमंत्रण लागतं, मरणाला लागत नाही. मशिदीच्या कर्ण्यावर नाव ऐकलं की हातातलं काम टाकून जायचं, मग मेलेल्याशी तुमचं कोंबडीवरून भांडण असो की बांधावरून. याची थट्टा करत नाहीत, हे गेम्बुसला शिकवावं लागत नव्हतं. दोन दिवस गेले. मग अंगणात शेंगा सोलता सोलता त्यानं विचारलं, "लास, मी मेलो तर वाकिदी येईल का गं?"

इथं लास्मिनीनं त्याला अडवायला हवं होतं. ते राहिलं बाजूलाच. फेब्री बायकोला, म्हणजे लास्मिनीच्या मुलीला रिरिनला, खोटं रडायला शिकवत होता, तेव्हा ही मध्येच म्हणाली, "असं नाही रडत विधवा. बाजूला हो, मी करते."

पहाटेची नमाज झाली आणि मशिदीच्या कर्ण्यावरून सुकादी ऊर्फ गेम्बुस वारल्याचं मोदिननं सांगितलं. गावातल्या मरणाधरणाचं सगळं मोदिनच बघतो. त्यालाही फसवलं होतं. लास्मिनी केस मोकळे सोडून रस्त्यावर धावली. श्वास अडकवला, पोटातून साम्पानचा लांब सूर सोडला. बायका तांदळाची, साखरेची भांडी डोक्यावर घेऊन आल्या. पुरुषांनी ताडपत्री बांधली, बांबू तासायला घेतले. शेजारच्या जुमियातीनं, जिच्याशी बोलचाल बंद होती, तिला मिठी मारली आणि खांदा भिजेपर्यंत रडली. लास्मिनीला तेव्हा थांबावंसं वाटलं. पण सूर छान लागला होता आणि तिनं तो सोडला नाही.

ठरलं होतं की लोक जमले की उठायचं. पण गेम्बुस उठेना. लास्मिनी चादरीवर कोसळल्यासारखं करून त्याच्या कानाशी कुजबुजली, "वाकिदी नाही आला अजून." चादरीखालून त्यानं तिला चिमटा काढला, थांब म्हणून. सासऱ्याची बहीण सिदोआर्जोहून यायची आहे असं सांगून फेब्रीनं मोदिनला अंघोळ घालण्यापासून थोपवून धरलं. ऊन वर आलं. बायकांनी चुली पेटवल्या.

वाकिदी आला तो गुडघ्यापर्यंत मातीनं माखलेला. कर्ण्यावर नाव ऐकल्याबरोबर तो कुदळ घेऊन कबर खणायला लागला होता. एकट्यानं, कुणाला हात लावू न देता. खणून झाल्यावरच तोंड दाखवायला आला. चादरीपाशी बसला. मग मंचावरच्या त्या जुन्या सुरात त्यानं हाक मारली, "गेम्बुस!"

चुलीपाशी बायकांचे हात थांबले.

"त्या दिवशी तू हाका मारत होतास," वाकिदी म्हणाला, "मी भिंतीपलीकडेच होतो रे. सगळ्या ऐकल्या. ओ दिली नाही. आज मी हाक मारतोय, तर तू..." त्यानं पुन्हा हाक मारली, "गेम्बुस!"

"ओ!" गेम्बुस म्हणाला आणि चादर भिरकावून उठून बसला.

आधी फक्त फेब्री हसला. मग पोरं हसली. जुमियाती मटकन खाली बसली. गेम्बुसनं दोन्ही हात पसरले होते आणि त्याचे गाल ओले होते. हे लास्मिनीनं जवळून पाहिलं, फोनला ते दिसलं नाही. वाकिदीनं स्वतःच्या मातीच्या हातांकडे पाहिलं आणि उठून चालायला लागला. खणलेली कबर रिकामी बुजवत नाहीत, ती माणूस मागते. म्हणून त्यानं केळीचा एक खुंट तोडला, पांढऱ्या कापडात गुंडाळला, खड्ड्यात निजवला आणि वर माती लोटली. तेही एकट्यानंच.

पुढचं काय सांगायचं. बायका आपापली भांडी तांदळासकट परत घेऊन गेल्या. मुखियानं गेम्बुस, लास्मिनी आणि फेब्रीला कचेरीच्या भिंतीला उभं करून, शिक्क्याच्या कागदावर सही घेऊन, फोनसमोर गावाची माफी मागायला लावली. तो माफीचा व्हिडिओही लोकांनी आवडीनं पाहिला. आणि तो मरणाचा व्हिडिओ तर जावाभर गेला, समुद्रापारही गेला. परक्या गावांतून लोक गेम्बुसच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायला यायचे. वाकिदी बाजारात दिसला, की पोरं मागून त्याच्याच आवाजात ओरडायची, "गेम्बुस!" त्यानं बाजारात जाणं सोडलं.

गेम्बुस दर शुक्रवारी नमाजेनंतर कबरस्तानाकडे जायचा, वाकिदीच्या अंगणाबाहेर उभा राहून हाक मारायचा आणि परत यायचा. दार कधी उघडलं नाही. एकदा तो लास्मिनीला म्हणाला, "मी त्याची थट्टा करायला उठलो नव्हतो गं. त्यानं हाक मारली. हाक आली की ओ द्यायची, एवढंच मला येतं." व्हिडिओंसाठी पडणं त्यानं बंद केलं. फेब्रीनं खूप विनवलं, पण नाही.

वर्षही पुरं झालं नाही. उन्हाळ्यातली सकाळ होती. गेम्बुस बाकावर बसून कॉफी पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली, छातीवर हात नेला, आणि बाकावरून घसरला. लास्मिनीला क्षणभर वाटलं, पुन्हा पडायला लागला वाटतं. हसतच ती जवळ गेली. तोंड उघडं होतं आणि डोळे कुठंच बघत नव्हते.

तिचा श्वास अडकला. मग पोटातून एकच लांब सूर निघाला.

कुंपणापलीकडून जुमियातीचा आवाज आला, "बू लास, आज कुठला भाग करताय?"

लास्मिनीनं तोंडावर हात दाबला. तोच सूर होता. साम्पाननं शिकवलेला, फोनवर हजारदा वाजलेला. खरं दुःखही त्याच वाटेनं बाहेर पडत होतं, आणि तिच्याकडे दुसरी वाट नव्हती. तिनं ते गिळलं. केस बांधले, डोळ्यांवर पाणी मारलं आणि फेब्रीला मोदिनकडे पाठवलं.

मोदिन नुसत्या शब्दावर कर्णा हातात घेणार नव्हता. तो स्वतः आला. आरशाचा तुकडा गेम्बुसच्या नाकाशी धरून बसला, पायाचा अंगठा ओढून पाहिला, पापण्या उघडून पाहिल्या. मग मशिदीत जाऊन त्यानं सांगितलं, की सुकादी ऊर्फ गेम्बुस वारला, आणि खोल आवाजात पुढे म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय." मरणाच्या निरोपात असं वाक्य आमच्या गावानं कधी ऐकलं नव्हतं.

लोक आले. पण बायकांच्या डोक्यावर भांडी नव्हती. सगळे फाटकाशी हाताची घडी घालून उभे राहिले. पोरं पेरूच्या झाडात, कौलांच्या खाली लपवलेला फोन शोधत होती. फेब्री खरोखर रडत होता, नाक पुसत होता, आणि त्याच्याकडे बघून एक म्हातारा कौतुकानं मान हलवत होता, की पोरगं तयार झालंय. त्यानं इंटरनेटवर बातमी टाकली, तर खाली लोकांनी लिहिलं, उठा चाक, भात गार होतोय. आणि लास्मिनी कोरडी बसलेली पाहून बायका म्हणाल्या, बघा, तिला तर आज रडायचंही भान नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गेम्बुसची मेल्यावरही गेली असं कुणी मानायला तयार नव्हतं.

मोदिननं दोघातिघांना घेऊन प्रेताला अंघोळ घातली, कफन बांधलं. पाणी ओतताना हात लावणाऱ्यांची तोंडं उतरली, मग कुठं लोक आत सरकले. पण कबर खणायला कुणी उठेना. मुखियाचा भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "बू लास, त्याची कबर झालीय. एका माणसाला दोन खड्डे आम्ही खणत नाही. जमीन आणखी एक माणूस मागेल." बाकीच्यांनी माना खाली घातल्या, म्हणजे त्यांचंही तेच म्हणणं होतं. दिवस मावळायच्या आत मातीला द्यायला हवं होतं.

विधवेनं त्या दिवशी घराबाहेर पडू नये असं म्हणतात. लास्मिनी पडली. भर उन्हात चालत कबरस्तानापर्यंत गेली. वाकिदी अंगणात शेळ्यांना पाला घालत होता. कर्णा त्यानंही ऐकला असणार, पण कुदळ भिंतीलाच टेकून होती.

"चाक वाकिदी," ती म्हणाली, "तो गेलाय."

"एकदा गेलाच होता की."

"कबर पाहिजे."

"आहे ना. केळीचा खुंट झोपलाय तिच्यात." वाकिदीनं पाल्याची जुडी सोडली. "तुम्ही रडत नाही, बू लास? मागं तर दगडाला पाझर फुटला होता."

लास्मिनीला त्याच्या पायांवर पडावंसं वाटलं. पण तेही कुठल्या तरी नाटकात होऊन गेलं होतं. ती उभीच राहिली. "रडले तर तुम्हाला खरं वाटेल का?" तिनं विचारलं. "माझं रडणं मी तेव्हाच खर्चून बसले. तुम्ही येऊन हात लावून बघा. गार असला तर खणा. नसला तर मला पुरा."

वाकिदी आला. गर्दी बाजूला झाली. त्यानं कफनाची गाठ सैल करून तोंड उघडं केलं आणि त्या फुगीर गालावर तळवा ठेवला. सगळं अंगण त्याच्याकडे बघत होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं गेम्बुसकडेही बघत होतं. वाकिदी वाट बघत राहिला. मग त्यानं गाठ पुन्हा बांधली.

"काही बोलायचं असलं तर बोल," मोदिन हळूच म्हणाला. "माफीबिफी."

"मागच्या वेळी सगळं बोलून झालं," वाकिदी म्हणाला आणि उठला.

त्यानं तीच कबर उकरली. लोक म्हणाले, अपशकुन होईल, शेजारी खण. त्यानं ऐकलं नाही. कुजलेला खुंट कापडासकट उचलून बाजूला ठेवला आणि तळ साफ केला. हे लास्मिनीला नंतर कळलं, कारण बायका कबरस्तानात जात नाहीत.

जनाजा उचलायच्या आधी मोदिननं रिवाजाप्रमाणे विचारलं, हा माणूस कसा होता? लोकांनी म्हणायचं असतं, चांगला होता. एरवी हे एका दमात, मोठ्यानं म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुणी बोललंच नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर पुटपुटल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. लास्मिनी दारामागे उभी राहून एकच आवाज शोधत होती. वाकिदीचे ओठ हललेच नाहीत. तो खांदा द्यायला वाकला आणि जनाजा निघून गेला.

तिसऱ्या दिवशी तिनं मयताच्या रिवाजाचे आपेम केले, तांदळाचे गोड घावन. शेजारी वाटायला गेली तर जुमियातीनं ताट घेतलं आणि त्यात मूठभर तांदूळ घालून परत केलं. लास्मिनीचं रडणं तेवढ्यानंही बाहेर पडलं नाही. शेवटचं ताट घेऊन ती दुपारी वाकिदीकडे गेली.

दार उघडं होतं. आतून तिला स्वतःचंच रडणं ऐकू आलं.

वाकिदी दाराकडे पाठ करून खाटेवर बसला होता, आणि त्याच्या हातात कुणाचा तरी फोन होता. ज्या व्हिडिओनं त्याला बाजार सोडायला लावला, तो त्यानं आजवर पाहिला नव्हता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. लास्मिनी पायरीवर थांबली. फोनमध्ये बायकांचा गलका होता, मग तो शांत झाला. मग वाकिदीचा आवाज, भिंतीपलीकडेच होतो रे, सगळ्या ऐकल्या. मग हाक, "गेम्बुस!"

आणि वाकिदीनं बोटानं ते थांबवलं. मागे नेलं. पुन्हा तेच. भिंतीपलीकडेच होतो रे. ओ दिली नाही. "गेम्बुस!" आणि पुन्हा थांबवलं. त्याच्या हाकेपुढचं त्याला नको होतं. त्याला तिथंच थांबायचं होतं, जिथं गेम्बुस निजलेला आहे आणि सगळं ऐकतो आहे.

लास्मिनीला मात्र पुढचंच हवं होतं. तीन दिवसांत तिच्या घरात गेम्बुसचा आवाज झाला नव्हता, आणि आता तो इतका जवळ, एका बोटाच्या अंतरावर होता. वाकिदीनं पुन्हा मागे नेलं, पुन्हा ती हाक आली, पुन्हा त्याचं बोट काचेकडे गेलं.

"पुढे जाऊ द्या, चाक वाकिदी," ती दारातूनच म्हणाली, आणि तिचं रडणं फुटलं, घोगरं, बेसूर, आधी शब्द आणि मग श्वास, कुणी न शिकवलेलं. "एकदा त्याला ओ देऊ द्या."